ती भिंत कोणी बांधली?

(एका बुद्धविहारातील रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला जो विषय नेमून दिला आहे तो ‘जगातील थोर वास्तू’ असा आहे. हा विषय मला देण्यात त्यांची थोडी चूक झाली असे मला वाटते. मी वकील आहे, स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. शिवाय इजिप्तच्या पिरॅमिडपासून पॅरिसच्या मनोऱ्यापर्यंत सगळ्या वास्तूंची नावे, त्यांची उंची आणि त्यांचा खर्च मी एका तासात सांगू लागलो, तर त्याला भाषणाचे स्वरूप न राहता आगगाडीच्या वेळापत्रकाचे स्वरूप येईल, आणि ते ऐकून आपण घरी काही घेऊन जाल असे मला वाटत नाही. म्हणून चालकांची क्षमा मागून मी आज एकाच वास्तूविषयी बोलणार आहे.

ती वास्तू मी का निवडली तेही आरंभीच सांगतो. दिवाणी न्यायालयात ज्याची उमेदीची वर्षे गेली त्याला कोणतीही इमारत पाहिली की पहिला प्रश्न सुचतो तो हा, की ही कोणाची? सौंदर्य, उंची, नक्षी ही सारी मागाहून. आता जगातील बहुतेक थोर वास्तूंच्या बाबतीत त्या कोणी बांधल्या याविषयी फारसा वाद नसतो. ज्या राजाने पैसा दिला त्याचे नाव राहते, ज्यांनी दगड वाहिले त्यांची नावे राहत नाहीत, आणि जग ते निमूटपणे मान्य करते. परंतु एक वास्तू अशी आहे की तिच्या बाबतीत राजा आणि मजूर या दोघांचीही नावे खोडून टाकण्याचा उद्योग सुमारे शंभर वर्षे चालला होता. एका सबंध समाजाला असे सांगण्यात येत होते की, तुमच्या अंगणात ही जी भिंत उभी आहे ती तुमच्या वाडवडिलांनी बांधलेली नाही, ते तुमच्याच्याने होणेच शक्य नव्हते. ‘तुमच्या वाडवडिलांनी काय केले?’ हा प्रश्न ज्यांनी शाळेत, गिरणीत, कचेरीत ऐकला आहे, अशी पुष्कळ माणसे समोर बसलेली मला दिसत आहेत. त्यांना या खटल्याची हकीकत ऐकण्यात रस वाटेल.

ही वास्तू आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झिम्बाब्वे या देशात आहे. मस्विंगो नावाच्या शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर हे अवशेष पसरलेले आहेत, आणि त्यांना ‘ग्रेट झिम्बाब्वे’ म्हणतात. देशाचे नाव या अवशेषांवरून पडले, अवशेषांचे नाव देशावरून पडलेले नाही, हे प्रथम लक्षात ठेवावे. तेथील शोना भाषेत या शब्दाचा अर्थ ‘दगडाची घरे’ असा सांगतात. काहींच्या मते तो ‘पूज्य घरे’ असा आहे.

या जागेचे तीन भाग आहेत. एका उंच, उघड्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर, नैसर्गिक धोंड्यांच्या मधल्या फटी भिंतींनी जोडून केलेली वसाहत आहे. हा सर्वांत जुना भाग. टेकडीच्या खाली ‘मोठे आवार’ म्हणून ओळखली जाणारी गोलाकार वास्तू आहे, आणि तिच्या भोवतीच्या सखल भागात लहान लहान आवारांचे अवशेष विखुरलेले आहेत. मोठ्या आवाराच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर आहे. तिची उंची काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत जाते, म्हणजे आपल्याकडील तीन मजली चाळीएवढी. बुडाशी तिची जाडी पाच मीटरांच्या आसपास आहे. आत एक शंकूच्या आकाराचा बुरूज आहे, तो सुमारे दहा मीटर उंच असून आतून संपूर्ण भरीव आहे. त्याला दार नाही, जिना नाही, पोकळी नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. या सबंध बांधकामात चुना नाही. माती नाही. दगडांना जोडणारे काहीही नाही. वीट वाटावी अशा आकाराचे ग्रॅनाइटचे तुकडे एकावर एक रचलेले आहेत, आणि एकट्या त्या बाहेरच्या भिंतीत नऊ-दहा लाख दगड असावेत असा अंदाज आहे. कोकणात आपण ज्याला गडगा म्हणतो आणि देशावर शेताच्या बांधाला ताल घालतात, त्या जातीचे हे काम. माझे वडील दगडकामावर होते. ते म्हणत असत की चुन्याच्या भिंतीला चुना धरतो, पण कोरड्या भिंतीला गवंडीच धरतो. म्हणजे असे की, चुन्याच्या कामात चूक झाकता येते. कोरड्या कामात प्रत्येक दगड आपल्या वजनाने आणि आपल्या जागेने उभा असतो आणि चुकीचा दगड वर्षा-दोन वर्षांत भिंतीचे पोट फुगवतो. ही भिंत सहाशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. ती वर जाताना किंचित आत कललेली आहे, तिच्यात कोठेही काटकोन नाही, आणि आग्नेय बाजूला तिच्या माथ्यावर तिरप्या दगडांची नागमोडी नक्षी आहे.

दगड कोठून आणला? आणावा लागला नाही. त्या प्रदेशातील ग्रॅनाइटच्या टेकड्या दिवसा तापतात, रात्री थंड होतात, आणि त्यांच्या पाठीवरून कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे सपाट थर आपोआप सुटतात. थर सुटत नसेल तेथे त्यावर जाळ करावयाचा आणि तापलेल्या दगडावर एकदम पाणी ओतावयाचे, की तो तडकतो. हे थर सारख्या जाडीचे असल्यामुळे त्यांचे तुकडे करून रचले की ओळी सरळ येतात. जुन्या भिंतींमध्ये ओळी वेड्यावाकड्या आहेत, पुढच्या काळातील भिंतींमध्ये त्या इतक्या सरळ होत गेल्या आहेत की दोरी लावून रचल्यासारख्या वाटतात. एका वास्तुविशारदाने १९५८ च्या सुमारास या भिंतींचा बारकाईने अभ्यास करून त्यांचे प्रकार लावून दाखविले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. बाहेरून कोणी तयार कारागीर आला असता तर त्याचे काम पहिल्याच दिवशी उत्तम झाले असते. येथे तर हात बसत गेलेला दिसतो. एकाच मुलखातील माणसे एकाच दगडाशी झटत पिढ्यान्पिढ्या शिकत गेली, हे भिंतच दाखविते.

भिंतींच्या आत दगडी महाल नव्हते. आत चिकणमातीची गोल घरे होती, वर गवताचे शाकार. दगडी भिंत ही घराची भिंत नसून आवाराची भिंत होती. किल्ल्याप्रमाणे तिला बुरुजांवरील जंग्या नाहीत, शत्रूला अडविण्याची सोय नाही. प्रतिष्ठित कुटुंबांचे राहणे इतरांच्या नजरेपासून निराळे ठेवण्यासाठी ती उभारलेली असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे समतेचे हे काही स्मारक नव्हे, हेही मी आपणांस सांगून टाकतो. भिंतीच्या आतले आणि भिंतीच्या बाहेरचे असा भेद तेथेही होताच.

अकराव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत हे नगर नांदत होते. गुरेढोरे हे त्याचे मुख्य धन, आणि सोने हा त्याचा व्यापार. ते सोने पूर्व किनाऱ्यावरील सोफाला बंदरातून किल्व्यास आणि तेथून समुद्रापार जाई. मोबदल्यात काय येई ते खोदकामात सापडले आहे: चीनमधील हिरवट झिलईची भांडी, इराणी मातीकाम, आणि आपल्या हिंदुस्थानातील काचेचे मणी. चौदाव्या शतकातील किल्व्याचा सुलतान अल-हसन इब्न सुलेमान याचे एक नाणेही तेथे मिळाले. तेथे किती लोक राहत याविषयी एकमत नाही. जुने अभ्यासक दहा ते अठरा हजार म्हणत, अलीकडचे त्याहून कमी म्हणतात. १४५० च्या सुमारास नगर ओस पडू लागले. जळण, चारा आणि जमिनीचा कस संपला असावा, व्यापाराचे मार्ग उत्तरेकडे सरकले असावेत. पुढे पश्चिमेस खामी येथे त्याच धर्तीच्या भिंतींचे दुसरे राजनगर उभे राहिले.

इतकी साधी हकीकत आहे. मग वाद कोठे आला? वाद आला तो युरोपियन मनुष्याच्या पावलांबरोबर.

या वास्तूचे जुने लेखी वर्णन पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने १५५२ मध्ये छापले. बिनचुन्याच्या प्रचंड भिंतींविषयी त्याने आश्चर्याने लिहिले आहे, आणि तेथील लोक हे काम सैतानाचे मानतात असेही नमूद केले आहे. या शेवटच्या वाक्याचा पुढे फार उपयोग करण्यात आला. परंतु कायद्याच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही त्यास हरकत घेईल. बारुश त्या जागी कधी गेला नव्हता. त्याने अरब व्यापाऱ्यांकडून आलेली हकीकत लिहिली, त्यांनी ती इतरांकडून ऐकलेली. ऐकीव पुराव्यावरील ऐकीव पुरावा!

१८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तेथे पोहोचला. त्याने काय केले पाहा. दाराच्या वरच्या लाकडी तुळईचा तुकडा तोडला, त्याचा वास घेतला, रंग पाहिला आणि ठरविले की हे लाकूड आपल्या खिशातील पेन्सिलीच्या लाकडासारखे आहे. पेन्सिल देवदाराच्या जातीच्या लाकडाची, म्हणून तुळई देवदाराची. देवदार लेबनॉनचा, लेबनॉनचा देवदार म्हटला की सॉलोमन राजा, आणि सॉलोमन म्हटला की शेबाची राणी. म्हणून हा वाडा शेबाच्या राणीचा! लाकूड पुढे तपासले गेले तेव्हा ते त्याच प्रदेशात वाढणाऱ्या एका झाडाचे निघाले. याच माउखला जवळच्या एका पुजाऱ्याच्या मुलाने सांगितले होते की, आमचे लोक या भिंतींमध्ये जमून गुरांचा बळी देत असत, आणि त्या विधीचा सारा क्रम त्याने वर्णन करून दिला होता. जागेवरील माणसाने सांगितलेली चालू वहिवाट ही! माउखने ती इमानाने लिहून घेतली आणि मग यहुदी लोकांच्या बळीविधीशी तिचे साम्य शोधीत बसला. साक्षीदार समोर उभा असून त्याची साक्ष त्याच्याच विरुद्ध लावण्याचा हा प्रकार मी न्यायालयात अनेकदा पाहिला आहे. परंतु इतका निरागसपणे केलेला क्वचितच पाहिला.

माउखला निदान स्वार्थ नव्हता. पुढच्यांना होता. १८८९ मध्ये विली पोसेल्ट नावाच्या शिकाऱ्याने टेकडीवरून संगजिऱ्याच्या दगडात कोरलेला एक पक्षी उचलून नेला. असे एकूण आठ पक्षी तेथे होते, उंच खांबांच्या माथ्यावर कोरलेले. तो पक्षी सेसिल ऱ्होड्सने विकत घेतला. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, ऱ्होड्सच्या कंपनीची सशस्त्र तुकडी त्या मुलखात शिरली आणि त्या देशाला ऱ्होड्सचेच नाव मिळाले, ऱ्होडेशिया. १८९१ मध्ये थिओडोर बेंट नावाच्या संशोधकाला तेथे पाठविण्यात आले. त्याच्या खर्चाचा वाटा ऱ्होड्सच्या कंपनीने उचलला होता. बेंटला खोदकामात मिळाल्या त्या आफ्रिकन वस्तू, आणि त्याने निष्कर्ष काढला तो परका, अरबस्तानाकडून आलेल्या एखाद्या प्राचीन जातीचा. तज्ज्ञ साक्षीदाराला त्याची फी कोणी दिली हे उलटतपासणीत विचारतात, त्याचे कारण हेच आहे.

बंधूंनो, या ठिकाणी थोडे थांबून विचार करू. एका कंपनीला दगडांच्या जुन्या ढिगाऱ्याविषयी इतकी आस्था का असावी? उत्तर मालकी हक्काच्या कायद्यात आहे. एखाद्याच्या जमिनीत तुम्ही बळाने शिरलात, तर तुम्हाला दोनच बचाव उपलब्ध असतात. पहिला, ही जमीन कोणाचीच नव्हती. दुसरा, ही पूर्वी आमच्यासारख्यांचीच होती, मधल्या काळात हे लोक येऊन बसले. ग्रेट झिम्बाब्वेची भिंत आफ्रिकनांनी बांधली असे एकदा मान्य केले की दोन्ही बचाव कोसळतात. कारण जेथे राजनगर होते, दूरदूरचा व्यापार होता, पिढ्यान्पिढ्यांची वसती होती, ती जमीन बेवारस कशी म्हणावयाची? उलट भिंत फिनिशियनांची किंवा शेबाच्या राणीची ठरली, तर गोरा मनुष्य हा आक्रमक न ठरता वारस ठरतो.

१८९५ मध्ये तर त्या देशातील इतर प्राचीन अवशेष खोदून सोने काढण्याचा परवाना असलेली एक कंपनीच स्थापन झाली. थडग्यांतील दागिने वितळवून विकण्यात आले. खुद्द ग्रेट झिम्बाब्वे तिच्या परवान्यातून वगळलेले होते, परंतु तेथे दुसरे संकट आले. १९०२ मध्ये जुन्या स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि संरक्षक म्हणून नेमलेल्या रिचर्ड हॉल या गृहस्थाने दोन वर्षे आवारातील मातीचे थरच्या थर उपसून बाहेर फेकले. त्याची समजूत अशी की खाली ‘खरे’ बांधणारे असून वरची माती म्हणजे आफ्रिकनांनी केलेली घाण आहे. त्या मातीतच घरांच्या जमिनी, चुली, खापरे, सारा पुरावा होता. पुरावा नष्ट करणे हा फौजदारी गुन्हा आहे. परंतु येथे तो सरकारी पगार घेऊन करण्यात आला. १९०४ मध्ये त्यास दूर करण्यात आले खरे, पण गेलेला पुरावा काही परत येत नाही.

असे असूनही सत्य बाहेर आले, आणि तेही लवकर आले. १९०५ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने डेव्हिड रँडल-मॅकायव्हर या इजिप्तमध्ये शिकून तयार झालेल्या उत्खननकाराला पाठविले. त्याने स्वच्छ लिहिले की ही वास्तू मध्ययुगातील असून पूर्णपणे आफ्रिकन आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एवढी आरडाओरड केली की चोवीस वर्षांनी त्याच संस्थेला फेरतपासणी करावी लागली. १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन या विदुषी आपल्या दोन स्त्री सहकाऱ्यांना घेऊन तेथे गेल्या. भगिनींनो, आपण हे विशेष ध्यानात घ्यावे. पुरुषांनी पन्नास वर्षे घोळ घातलेला प्रश्न तीन स्त्रियांनी कुदळ-फावडे घेऊन एका मोसमात निकालात काढला. मोठ्या आवारात हॉलच्या उपद्व्यापामुळे विश्वासार्ह थर उरले नव्हते, म्हणून कॅटन-थॉम्पसन यांनी सखल भागातील न विस्कटलेला एक अवशेष निवडला आणि तो थराथराने उकलला. त्या भरीव बुरुजाखाली त्यांनी भुयार खणले. खाली ना खजिना, ना राणीचे थडगे. प्रत्येक थरात मिळाल्या त्या आफ्रिकन घरांतील वस्तू, आणि त्यांच्या सोबत मध्ययुगातील परदेशी मणी व भांडी. त्यांनी आपला निष्कर्ष त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या विद्वानांच्या सभेत मांडला, तेव्हा एका नामांकित प्राध्यापकांनी भर सभेत संतापून त्यास विरोध केला. बाईंनी निष्कर्षातील एक अक्षर बदलले नाही.

खरे म्हणजे खटला तेथेच संपावयास हवा होता. पण तो संपला नाही, कारण जमिनीचा प्रश्न जिवंत होता. १९१८ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातील जमिनीच्या मालकीचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. हे तेच प्रिव्ही कौन्सिल, की ज्याच्यापुढे त्या काळी आपल्या हिंदुस्थानातील अपिलेही अखेरच्या निर्णयासाठी जात, आणि ज्याचे निवाडे मी विद्यार्थिदशेत पाठ केले. त्या खटल्यात स्थानिक लोकांच्या बाजूनेही वकील उभे होते. निकाल असा झाला की वाटून न दिलेली जमीन ब्रिटिश राजसत्तेची आहे. निकालपत्रात लॉर्ड समनर यांनी असा विचार मांडला की काही जमाती सामाजिक रचनेच्या इतक्या खालच्या पायरीवर असतात की त्यांच्या हक्कविषयक कल्पनांचा सुधारलेल्या समाजाच्या कायद्याशी मेळ बसत नाही. न्यायमूर्तींनी या भिंतींचा विचार केला होता असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी बिनचुन्याची ती भिंत रचली, त्यांच्याच नातवंडांविषयीच्या खटल्यात ‘पायरी’ हा शब्द न्यायासनावरून उच्चारला गेला, हे वाचताना विद्यार्थिदशेत मी पुस्तक मिटून ठेवले होते. पायऱ्यांची भाषा आपल्या लोकांना नवी नाही. या विचारसरणीला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मधील माबो खटल्यात स्पष्ट शब्दांत झिडकारले, पण मध्ये चौऱ्याहत्तर वर्षे गेली. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने तर दक्षिण ऱ्होडेशियातील सुमारे निम्मी जमीन लोकसंख्येत विसात एक असलेल्या गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

१९६५ मध्ये इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनशी नाते तोडून एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. त्यानंतर भिंतीचा प्रश्न उघडपणे सरकारी धोरणाचा विषय झाला. १९५८ च्या शास्त्रीय उत्खननाने कॅटन-थॉम्पसन यांच्या निष्कर्षाला पुष्टी दिली होती, वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांना सत्य पूर्ण माहीत होते. तरीही १९६९ मध्ये संसदेत तक्रार झाली की सरकारी नोकर ही वास्तू आफ्रिकनांची असल्याचे एकतर्फी सांगत आहेत. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत ‘दोन्ही मते’ द्यावीत असा दबाव आला. दोन्ही मते! एका बाजूला उत्खनन, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीचा वास, आणि वाचकाने समतोल बुद्धीने निवड करावी! पीटर गार्लेक हे त्या वेळी तेथील स्मारकांचे निरीक्षक होते. त्यांनी १९७० मध्ये देश सोडला आणि १९७३ मध्ये ग्रेट झिम्बाब्वेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गार्लेक गोरे होते, हेही नमूद केले पाहिजे. सत्याची बाजू घेण्यास त्यांची कातडी आड आली नाही.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याने ऱ्होड्सचे नाव टाकून भिंतीचे नाव धारण केले, आणि ध्वजावर टेकडीवरील तो दगडी पक्षी घेतला. नाव बदलणे म्हणजे काय, हे या सभागृहात मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९८६ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. गार्लेक परत येऊन तेथील विद्यापीठात शिकवू लागले.

परंतु येथे सारे गोड झाले असे सांगून मी आपणांस निरोप देणार नाही. स्वातंत्र्यानंतर उलट दिशेची अतिशयोक्तीही सुरू झाली, आणि जे पुराव्यात नाही तेही पूर्वजांच्या नावावर मांडले जाऊ लागले. तेथील जाणत्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली ती योग्यच केली. आपल्या बाजूच्या साक्षीदाराचीही उलटतपासणी झाली पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. भिंतीच्या आसपास राहणारी नेमान्वा, चारुम्बिरा आणि मुगाबे ही जुनी घराणी आहेत. या जागेची राखण करण्याचा मान आपला, असे त्यांतील प्रत्येकाचे म्हणणे आहे. परंतु कुंपण घालून राखलेल्या राष्ट्रीय स्मारकात त्यांना पूर्वीप्रमाणे विधी करता येईनात, आत जाण्यास तिकीट पडू लागले. परक्याच्या हातून सुटलेली वस्तू सरकारच्या हातात गेली, पण गावाच्या हातात आली की नाही, हा प्रश्न तेथील म्हातारी माणसे अजूनही विचारतात. त्याचे उत्तर सोपे नाही. पर्यटकांच्या पायांखाली भिंती ढासळू द्यावयाच्या नसतील तर कोणीतरी कुंपण घालणारच. पण कुंपणाची किल्ली कोणाकडे असावी, हे ठरविताना शेजारच्या गावाला विचारावयास काय हरकत होती?

आता राहिले ते पक्षी. त्यांतील काही केपटाउनच्या वस्तुसंग्रहालयात होते. ते १९८१ मध्ये परत आले, परंतु फुकट नव्हे. त्यांच्या बदल्यात झिम्बाब्वेने मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या नमुन्यांचा एक मोठा संग्रह दक्षिण आफ्रिकेस दिला. पूर्वजांच्या माथ्यावरचे पक्षी, आणि मोल माश्या! एका पक्ष्याचे तर दोन तुकडे झालेले होते. वरचा भाग आफ्रिकेत आणि खालचा खांब जर्मनीत. तो खांब एका मिशनऱ्याच्या हातून १९०७ मध्ये बर्लिनच्या वस्तुसंग्रहालयास विकला गेला होता. १९४५ मध्ये रशियन सैन्याने तो लेनिनग्राडला नेला, तेथून तो लाइपझिगला आला, आणि जर्मनी एक झाल्यावर पुन्हा बर्लिनला. अखेर २००३ मध्ये तो झिम्बाब्वेस पोहोचला आणि शंभर वर्षांनी त्या पक्ष्याचे पाय त्याच्या अंगाला भेटले.

ज्या कागदान्वये तो खांब परत आला त्याचे स्वरूप वकील म्हणून मी उत्सुकतेने पाहिले. ते खरेदीखत नव्हते, बक्षीसपत्र नव्हते, हक्कसोडपत्रही नव्हते. जर्मनीने तो खांब झिम्बाब्वेला दिला आहे तो कायमचा उसना म्हणून.